आदळत का नाहीत?

माझी भाची दुसरीत शिकते. तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर सूर्यमालेचा एक मोठा, रंगीत तक्ता लावलेला आहे. डाव्या कडेला सूर्याचा केशरी अर्धगोल आणि त्याच्या उजवीकडे एका ओळीत आठ ग्रह, प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नाव. शनीच्या कड्यांचे डावे टोक गुरूच्या इतके जवळ आले आहे की दोघांमध्ये जेमतेम बोटभर काळी जागा उरते. एका संध्याकाळी ती त्या तक्त्यासमोर बराच वेळ नुसती उभी होती. मग त्या बोटभर जागेवर बोट ठेवून तिने विचारले, "मावशी, हे एवढे जवळजवळ फिरतात, तर मग एकमेकांवर आदळत कसे नाहीत?" ते खरे तर एकमेकांपासून फार दूर आहेत, असे मी तिला सांगितले. "मग चित्रात जवळ का काढलेत?" कागद पुरला नसता म्हणून, मी म्हणाले. एवढ्यावर तिचे समाधान झाले आणि ती खेळायला पळाली. मी मात्र तिथेच उभी राहिले. ग्रहांची नावे, त्यांचे क्रम आणि त्यांच्या चंद्रांची संख्या मी लहानपणापासून वाचत आले आहे. गेल्या काही वर्षांत लहानशा दुर्बिणीतून त्यांना पाहूही लागले आहे. तरी हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता, आणि एकदा कानावर पडल्यावर तो काही केल्या जाईना.

आधी अंतराचेच पाहू, कारण तक्त्याने सर्वांत मोठा अन्याय अंतरावर केलेला असतो. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर असे प्रमाण धरले, तर सूर्य सुमारे १.४ मीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येणारा गोल होतो. त्याच्यापासून ५८ मीटरांवर पाच मिलिमीटरचा बुध. १०८ मीटरांवर बारा मिलिमीटरचा शुक्र. १५० मीटरांवर पृथ्वी, खेळातल्या लहान गोटीएवढी. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरांवर साडेतीन मिलिमीटरचा चंद्र. माणूस आजवर स्वतः जिथवर जाऊन आला, ते सगळे या हातभर जागेत मावते. मंगळ २२८ मीटरांवर, आणि तिथून पुढे चालणाऱ्याचा धीर सुटू लागतो. १४ सेंटिमीटरच्या गुरूसाठी सूर्यापासून पाऊण किलोमीटरहून अधिक चालावे लागते, शनीसाठी जवळपास दीड किलोमीटर, युरेनससाठी पावणेतीन किलोमीटरांहून जास्त, आणि पाच सेंटिमीटरचा नेपच्यून साडेचार किलोमीटरांवर, म्हणजे तासभराच्या वाटेवर, सापडतो. सूर्याच्या जागी उभे राहून पाहिले तर दीडशे मीटरांवरची ती गोटी डोळ्यांना दिसणारही नाही. याच प्रमाणात सूर्याला सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा, याचा हिशेब मी केला तेव्हा उत्तर सुमारे चाळीस हजार किलोमीटर आले. तेवढे चालले तर खऱ्याखुऱ्या पृथ्वीला एक फेरी पूर्ण होते.

तक्त्यातली ती ग्रहांची खेटून उभी ओळ प्रत्यक्षात कुठे बसवता येईल, असाही विचार मी केला. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. उरलेल्या सातही ग्रहांचे व्यास एकापुढे एक मांडले, शनीची कडी तेवढी बाजूला ठेवली, तर बेरीज ३,८०,००० किलोमीटरांच्या आसपास येते. बुधापासून नेपच्यूनपर्यंतचे सगळे ग्रह, त्यांत तो अवाढव्य गुरूसुद्धा, आपल्या आणि चंद्राच्या मधे उभे राहू शकतात आणि तरी थोडी जागा शिल्लक राहते. रात्री चंद्राकडे पाहताना ही गोष्ट आठवली की मला एकाच वेळी दोन अगदी उलट भावना होतात: ग्रह किती लहान आहेत असे वाटते, आणि चंद्रसुद्धा किती दूर आहे असेही.

बाकी सगळी पोकळी.

१९९० च्या फेब्रुवारीत व्हॉयेजर-१ यानाने सुमारे सहाशे कोटी किलोमीटरांवरून मागे वळून सूर्यमालेची छायाचित्रे घेतली. साठ छायाचित्रे जोडून तो देखावा तयार झाला, आणि त्यात सहा ग्रह सापडले. मंगळ सूर्यप्रकाशाच्या झोतात हरवला, बुध सूर्याच्या फारच जवळ होता. त्या मालिकेतील पृथ्वीच्या ठिपक्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझी नजर मात्र उरलेल्या चौकटींवर रेंगाळते. ज्यांत एकही ग्रह नाही अशा, नुसत्या अंधाराच्या त्या चौकटी संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि सूर्यमालेचे प्रामाणिक चित्र काढायचे तर ते तसेच निघेल.

पण अंतर हे अर्धेच उत्तर आहे. दोन वस्तू एकमेकींपासून दूर आहेत म्हणून त्या कायम दूरच राहतील असे नाही, आणि सूर्याची ओढ तर सगळ्यांनाच आहे. पृथ्वी आहे त्या जागी अचानक थांबली, तर ती सुमारे ६५ दिवसांत सूर्यात जाऊन पडेल. ती पडत नाही, कारण ती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने आडवी धावते आहे. सूर्याकडे पडता पडता ती सतत पुढे निसटते, आणि त्या निसटण्यातूनच कक्षा तयार होते. बुध सूर्याच्या जवळ, म्हणून त्याला सेकंदाला ४७ किलोमीटर धावावे लागते. नेपच्यूनला साडेपाचही पुरतात. जवळचा वेगाने आणि लांबचा सावकाश, हा नियम जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मध्ये गणिताच्या भाषेत मांडला. त्याआधी दहा वर्षे, १६०९ मध्ये, ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार आहेत हे त्याने दाखवून दिले होते, आणि तेही मंगळाच्या निरीक्षणांतल्या अवघ्या आठ कलांच्या (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरकावरून, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागावरून. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने ती निरीक्षणे दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठ्या कोनमापकांनी घेतलेली होती. तेवढा फरक निरीक्षणातली चूक म्हणून सोडून देणे सहज शक्य होते. केप्लरने तो सोडला नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

सगळे ग्रह एकाच दिशेने, जवळजवळ एकाच सपाटीत फिरतात. त्यामुळे आकाशात ते एकाच वाटेवर, क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या, आसपास दिसतात, आणि मधूनमधून एकमेकांना अगदी खेटून जातात. २१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनीची युती मला अजून लख्ख आठवते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेचा तांबूसपणा ओसरत होता, हवेत गारवा होता, आणि क्षितिजाच्या जरा वर एकच टपोरा प्रकाशबिंदू दिसत होता. डोळे बारीक करून पाहिले की त्याच्या कडेला दुसरा, मंद आणि पिवळसर, वेगळा होत असे. दोघांमध्ये सहा कलांचे अंतर होते. दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा एकाच गोल चौकटीत दोघे एकत्र आले: एका बाजूला गुरू, त्याच्या पट्ट्यांची पुसट जाणीव आणि त्याचे ओळीने उभे राहिलेले चंद्र; दुसऱ्या बाजूला इवलासा शनी, त्याची कडी गोळ्यापासून सुटी दिसावीत इतपत स्पष्ट. क्षितिजाजवळच्या हवेमुळे दोघेही पाण्याखालून पाहिल्यासारखे थरथरत होते. हात लावला तर एकमेकांना टेकतील, असे ते दृश्य होते. प्रत्यक्षात त्या क्षणी गुरू आपल्यापासून सुमारे ८९ कोटी किलोमीटरांवर होता आणि शनी १६२ कोटींवर. त्या दोघांच्या मधे ७३ कोटी किलोमीटरांची पोकळी होती. मला ते आकडे माहीत होते, तरी डोळे मानायला तयार नव्हते. तक्त्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला जे वाटले तेच मला त्या संध्याकाळी वाटत होते. फरक एवढाच की मी ते प्रश्न म्हणून विचारले नव्हते. गुरू आणि शनी दर वीस वर्षांच्या आसपास असे भेटतात, मात्र इतक्या जवळून क्वचितच. याआधी ते एवढे जवळ आले होते ते १६२३ मध्ये.

मग वाचत गेले तसे लक्षात आले की "आदळत का नाहीत?" या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तीच खरी नाही.

ग्रह आदळले आहेत, आणि भरपूर आदळले आहेत. सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या धूळ-वायूच्या तबकडीत कणांचे खडे, खड्यांचे डोंगर आणि डोंगरांचे लहान लहान ग्रह बनले ते एकमेकांवर आदळूनच. आज चार आतले ग्रह आहेत. त्या काळी तिथे चंद्राएवढे, मंगळाएवढे अनेक गोल एकमेकांच्या वाटा ओलांडत फिरत असावेत. आपला चंद्र जन्मला तो अशाच एका आघातातून, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मंगळाएवढा एक गोल नवजात पृथ्वीवर आदळला, वितळलेल्या खडकाचा प्रचंड फवारा पृथ्वीभोवती उडाला, आणि त्यातून चंद्र गोळा झाला. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगड-मातीत याचे धागे सापडले: चंद्रातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि चंद्राचा लोखंडी गाभा मात्र त्याच्या आकाराच्या मानाने अगदी लहान आहे. पृथ्वीच्या बाहेरच्या थरांतून तो घडला असेल तर दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

सप्तमी-अष्टमीच्या चंद्राकडे दुर्बीण वळवून उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर थोडा वेळ थांबले की या आदळण्याचा हिशेब डोळ्यांसमोर उलगडतो. एका विवराच्या काठावर दुसरे विवर, त्याच्या पोटात तिसरे, तिसऱ्याच्या भिंतीला पडलेले खिंडार. काही विवरांच्या मधोमध एक सुळका असतो आणि केवळ त्याच्या टोकावर ऊन पडलेले असते. भोवतालचा तळ अजून पूर्ण काळा असताना तो एकटा टिंब होऊन चमकतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहिले तर ते टिंब थोडे मोठे झालेले असते. हे सगळे व्रण इतके जुने आहेत आणि तरी इतके ताजे दिसतात, कारण तिथे ते पुसायला वारा नाही, पाणी नाही. पृथ्वीनेही हाच मारा सोसला; तिच्या अंगावरचे बहुतेक व्रण तिच्या पावसाने, नद्यांनी आणि सरकत्या कवचाने मिटवून टाकले, एवढेच.

बुधाचा लोखंडी गाभा त्याच्या त्रिज्येच्या चार-पंचमांशाहून मोठा आहे, जणू त्याच्यावरचे खडकाचे जाड आवरण कुणी सोलून काढले असावे. एखाद्या मोठ्या टकरीत ते उडून गेले असावे, अशी एक शक्यता मांडली जाते. त्याच्या पृष्ठभागावरचे कॅलोरिस हे आघाताचे खोरे दीड हजार किलोमीटरांहून रुंद आहे. युरेनस तर कुशीवर पडून सूर्याभोवती गडगडत जातो: त्याचा आस ९८ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे त्याच्या ८४ वर्षांच्या वर्षात प्रत्येक ध्रुवावर सलग ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार असतो. यामागेही फार पूर्वीचा एखादा प्रचंड आघात असावा, असा अंदाज आहे. पाठ्यपुस्तकात आपण "युरेनस आडवा फिरतो" हे वाक्य एका गुणासाठी पाठ करतो, आणि त्यामागे एका अख्ख्या ग्रहाला पालथे घालणारी घटना असू शकते हे आपल्याला कुणी सांगत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

शिवाय हे सगळे केवळ पुरातन काळातले नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे १६ तारखेपासून २२ तारखेपर्यंत एकामागून एक गुरूवर कोसळले. दोन वर्षांपूर्वी गुरूच्या फार जवळून जाताना त्याच्याच ओढीने तो धूमकेतू फुटला होता. सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने आलेल्या त्या तुकड्यांनी गुरूच्या ढगांवर काळे डाग उमटवले. सर्वांत ठळक डाग रुंदीला जवळपास पृथ्वीएवढा होता, आणि ते डाग हौशी निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींतूनही दिसत होते. पुढे जुलै २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूवर अगदी तसाच एक नवा काळा डाग आढळला, आणि मोठमोठ्या दुर्बिणी त्यानंतर तिकडे वळल्या. रात्री गुरू पाहताना मी आता त्याच्या कडेपासून कडेपर्यंत नजर सावकाश फिरवते. माझ्या दुर्बिणीतून असे काही दिसण्याची शक्यता फार थोडी आहे हे मी जाणते, तरीही फिरवते.

लघुग्रहांच्या पट्ट्याविषयी चित्रांमुळे मोठा गैरसमज होतो. तिथे दगडांची दाटी नाही. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या शंभरातल्या चार भागांएवढेही भरत नाही, आणि पायोनियर-१० पासून अनेक याने तो पट्टा सुखरूप ओलांडून गेली आहेत. सूर्यमालेत खरी दाटी पाहायची तर ती शनीच्या कड्यांत. बर्फाचे असंख्य तुकडे तिथे एकमेकांना सतत धडकतात, पण सगळेच एका दिशेने, जवळजवळ सारख्या वेगाने जात असल्यामुळे त्या धडका अगदी हलक्या असतात, आणि त्यांच्यामुळेच ती कडी लाखो किलोमीटर रुंद असूनही जेमतेम काही मीटर ते काही दशक मीटर जाडीची राहतात. म्हणजे आदळणे हे प्रत्येक वेळी विध्वंसकच असते असेही नाही.

या सगळ्यावरून माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते: ज्यांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या ते आदळून गेले, गिळले गेले, सूर्यात पडले किंवा बाहेर फेकले गेले, ज्यांच्या वाटा सुट्या होत्या ते आठ उरले. तक्त्यात न मावलेली ती मोकळी जागा ग्रहांनी स्वतःच, कोट्यवधी वर्षांत, साफ केलेली आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली, तिची तिसरी अट नेमकी हीच आहे: ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असला पाहिजे. प्लूटो या अटीवर बाहेर पडला. तेव्हा अनेकांप्रमाणे मलाही वाईट वाटले होते, आणि व्याख्येत ग्रहाच्या परिसराचा काय संबंध, असाही प्रश्न पडला होता. आता ती अट मला तिन्हींत सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण ग्रहाचा सगळा पूर्वेतिहास तिच्यात सामावलेला आहे.

प्लूटो मात्र या प्रश्नाचे एक फार सुंदर वेगळे उत्तर देतो. १९७९ पासून १९९९ पर्यंत तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. कागदावर दोघांच्या कक्षा एकमेकींना छेदताना दिसतात, आणि तरी ते कधीच आदळत नाहीत. एक तर प्लूटोची कक्षा १७ अंशांनी कललेली आहे. शिवाय नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात. या तालामुळे प्लूटो जेव्हा जेव्हा नेपच्यूनच्या वाटेजवळ येतो, तेव्हा नेपच्यून त्या वाटेवर दुसरीकडेच कुठेतरी असतो. परिणामी प्लूटो युरेनसच्या जितका जवळ येऊ शकतो, तितका नेपच्यूनच्या कधीच येत नाही. नेपच्यूनच्या ओढीनेच हा ताल जमला आणि त्याच ओढीने तो टिकून आहे.

आणि पुढे काय? झाक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सूर्यमालेची पुढील पाचशे कोटी वर्षे संगणकावर २,५०१ वेळा चालवून पाहिली. दर वेळी बुधाच्या कक्षेच्या सुरुवातीच्या मापात त्यांनी एका मिलिमीटरहूनही कमी फरक केला होता. तेवढ्याशा फरकाने शेवट बदलत गेले. सुमारे एक टक्का वेळा गुरूच्या ओढीने बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळण्याच्या बेतात आला. आणि अशा एका प्रकारात तर आतल्या सगळ्याच ग्रहांच्या कक्षा विस्कटून पृथ्वीची मंगळाशी किंवा शुक्राशी टक्कर होण्याची वाट मोकळी झाली. उरलेल्या ९९ टक्क्यांत आठही ग्रह आपापल्या वाटेने फिरत राहिले, जोवर सूर्य स्वतःच फुगून बुध आणि शुक्र गिळत नाही तोवर. पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या एका टक्क्याने मला अस्वस्थ केले होते. नंतर जाणवले की लांबट होत जाणाऱ्या त्या कक्षेला आवरायला तिथे कुणी नाही, तसे उरलेल्या ९९ टक्क्यांतल्या कक्षांनाही सांभाळायला कुणी नाही. दोन्हीकडे तेच एक गुरुत्वाकर्षण आहे, आणि काही कोटी वर्षांपलीकडे पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कुठे असेल हे आज कोणतेच गणित सांगू शकत नाही.